एकाक्षरी 'बा'

रसग्रहण कवितेचं करायची आपल्याकडे रीत आहे. फार झालं तर एखाद्या कथेचं. शब्दाचं रसग्रहण, आणि तोही शब्द एका अक्षराचा, म्हणजे वाचणाऱ्याला थट्टा वाटायची. पण 'बा' हा शब्द सोलापूरच्या कानांनी ऐकला तर त्यात एखाद्या बऱ्या कवितेइतका ऐवज सापडतो. मराठीत तो बाप आहे, कन्नडमध्ये 'ये', गुजरातीत आई, फारसीत 'सह' आणि भोजपुरीत 'आहे'. उच्चार सगळीकडे तोच. ओठ मिटायचे, उघडायचे आणि 'आ' लांबवायचा, एवढंच काम.

हे शहर या शब्दासाठी मुद्दाम निवडलं, त्याला कारण आहे. सोलापूरची भाषिक ठेवण सांगायला चार नावं पुरतात. १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. नुसती नावं वाचत गेलं तरी कानडी, मारवाडी, मराठी आणि उर्दू वळणाची चार घरं डोळ्यांपुढे येतात. तेलुगू या यादीत नाही. ती शहराच्या पूर्व भागात, पद्मशाली विणकरांच्या मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलली जाते. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीना संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथला शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख मराठीचा अगदी जुना, कालोल्लेख असलेला लेख म्हणून ओळखला जातो. आणि 'कूडल' म्हणजे कन्नडमध्ये संगम. मराठीचा दाखला आणि गावाचं नाव कानडी, असा हा मुलूख. इथे एकाच आवाजाला दोन-चार अर्थ असणं हा भाषाशास्त्राचा प्रश्न नसून रोजचा व्यवहार आहे.

आधी घरचा 'बा' पाहू. मराठीत या शब्दाचा स्वभाव तो वाक्यात कुठे बसतो यावर ठरतो. आरंभी आला की ती हाक असते: 'बा विठ्ठला'. ही हाक वयाचा हिशोब धरत नाही. लहान मोठ्याला 'बा' म्हणेल आणि आई पोटच्या पोरालाही 'असं करू नये रे बा' म्हणून समजावील. बाप या अर्थातलं वडीलपण इथे विरून जातं, उरते ती नुसती जवळीक.

हाच शब्द वाक्याच्या मधे आला की एकदम पलटतो. 'मला नाही बा ठाऊक.' 'मी नाही बा जात तिकडे.' 'असेल बा.' आता हा 'बा' कुणालाच उद्देशून नाही. तो अंग काढून घेणाऱ्याचा आहे. यातला 'बा' काढून वाक्य पुन्हा म्हणून पाहावं: 'मला नाही ठाऊक.' अर्थ राहिला, पण खांदे उडवणं गेलं. 'ठाऊक नाही, आणि मला त्यात ओढूही नका' यातला दुसरा अर्धा भाग त्या एका अक्षरात होता. शब्दकोशात अशा जागी 'पादपूरणार्थक' किंवा 'अव्यय' असं काहीतरी लिहून मोकळं होतात. बोलणाऱ्याला मात्र नेमकं कळतं की इथे 'बा' घातला तर आपण सुटलो.

तिसरी जागा नावाच्या शेवटची. विठोबा, खंडोबा, म्हसोबा, बिरोबा, ज्ञानोबा, तुकोबा, आणि घरात आजोबा. इथे 'बा' आदरही आहे आणि लळाही, आणि दोन्ही इतके मिसळलेले की वेगळे काढता येत नाहीत. 'श्री विठ्ठल' म्हटलं की देव गाभाऱ्यात उभा राहतो. 'विठोबा' म्हटलं की तो आपल्या घरातला होतो. ज्ञानेश्वरांनी कोवळ्या वयात समाधी घेतली. त्या वयाच्या पोराला वारकऱ्यांनी 'ज्ञानोबा' म्हटलं, आणि लगेच पुढे 'माउली' जोडलं. बाप आणि आई एकाच संबोधनात, तेही एका पोरगेल्या संताला. नातं असं उलटंपालटं करून ठेवायची सवय मराठी भक्तीला आहे, आणि 'बा' तिला सोयीचा पडतो.

या जागी कन्नडचं शेपूट वेगळं आहे. तिथे 'अप्पा' लागतो किंवा 'अय्या'. धनगर ज्याला बिरोबा म्हणतात तोच देव कन्नड बोलणाऱ्या कुरुबांचा बीरप्पा. खंडोबा पलीकडे मैलार होतो, मल्लय्या होतो. देव तोच, मेंढ्यांची वाट तीच, भक्तांची भाषा बदलली की नावाचा शेवट बदलतो. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ च्या ग्रंथात पंढरीच्या देवाचा माग दक्षिणेतल्या गोपजनांच्या दैवतापर्यंत नेला. एवढ्या मोठ्या समन्वयाची खूण या दोन प्रत्ययांतही दिसते: इकडे 'बा', तिकडे 'अप्पा', आणि दोन्हींचा अर्थ बाप.

मराठी घरात मात्र बापाला 'बा' म्हणणं हळूहळू मागे पडलं. तो शब्द शेतावर, गिरणीच्या चाळीत आणि कष्टकऱ्यांच्या आत्मकथनांत राहिला. शिकल्या-सवरल्या घरांनी 'बाबा', 'अप्पा', 'अण्णा' अशी संबोधनं घेतली. त्यातला 'अण्णा' कन्नड-तेलुगूत थोरला भाऊ. म्हणजे शुद्ध मराठी बोलणाऱ्या घरातही बापाला हाक मारताना शेजारच्या भाषेतला भाऊ मदतीला येतो.

आता कन्नडचा 'बा'. 'येणे' या क्रियेचं मूळ तिथे 'बरु', आणि एकट्या माणसाला जवळच्या नात्यानं बोलवायचं तर 'बा'. आज्ञार्थ म्हणून व्याकरणात त्याची नोंद होते, पण बोलण्यात त्यात आज्ञा फार थोडी असते. त्याला मागून जे जोडलं जातं त्यावर सगळं अवलंबून. मित्राला 'बारो', मैत्रिणीला किंवा लेकीला 'बारे', वडीलधाऱ्याला 'बर्री' किंवा 'बन्नी'. सोलापुरात बाळीवेशीच्या बाजूला एखादी आज्जी दारातून नातवाला 'बा' म्हणाली आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मराठी माणसानं ते ऐकलं, तर क्षणभर त्याला वाटावं की म्हातारी आपल्या बापाला हाक मारते आहे. दोन्ही अर्थांत ओढ एकच: कुणीतरी जवळ असावं. फरक एवढाच की मराठी 'बा' कोण ते सांगतो आणि कन्नड 'बा' काय करायचं ते.

इथे मोह होतो, आणि तो आवरायला हवा. बाप आणि 'ये' या दोन अर्थांत असं गोड नातं दिसलं की माणूस लगेच एक मूळ शोधायला धावतो. मूळ एक नाही. मराठी 'बा' हा 'बाप'च्या कुळातला, प्राकृतातल्या 'बप्प'चा वंशज. कन्नड 'बा' द्राविडी आहे. तमिळमध्ये तोच 'वा' आहे, कारण तमिळ-मल्याळममधल्या 'व'च्या जागी कन्नडमध्ये अनेकदा 'ब' येतो. याच द्राविडी मुळातून तेलुगूचा 'रा' निघाला. मूळ धातूतला 'र' पुढे सरकला, आरंभीचा 'व' गळाला, आणि 'ये' म्हणण्यासाठी तेलुगूत 'रा' उरला. म्हणजे पाहा कसं आहे. बाळीवेशीतला 'बा' आणि पूर्व भागातला 'रा' यांचा आवाज मुळीच जुळत नाही, पण ते सख्खे भाऊ. बाळीवेशीतला 'बा' आणि शेजारच्या मराठी वाड्यातला 'बा' यांचा आवाज तंतोतंत जुळतो, पण त्यांचं रक्ताचं नातं काहीच नाही. सोलापुरातल्या तीन भाषांनी एका अक्षरात हा धडा घालून ठेवला आहे. (तेलुगूत आदरानं 'या' म्हणण्याचं रूप मराठी-हिंदी कानांना शिवीसारखं लागतं, ही इथली जुनी फजिती. ते रूप मी लिहीत नाही. सोलापूरकरांना ठाऊक आहे.)

रक्ताचं नातं नसलं म्हणून रस कमी होत नाही. उलट मुळं वेगळी आहेत हे कळल्यावर जुळून आलेल्या जागा अधिक चमकतात. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि त्यांवर 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' ही मुद्रा आहे. राघवांक या कवीनं कन्नडमध्ये लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात एक कथा येते. शेतावरच्या पोरासमोर एक जंगम येतो, आपलं नाव मल्लय्या सांगतो, पोराकडचा हुरडा खातो आणि आणखी काही मागतो. पोर ते आणायला घरी धावतं. परत येतं तो मल्लय्या नाही. मग ते 'मल्लय्या, मल्लय्या' करत हाका मारत सुटतं आणि यात्रेकरूंच्या मागोमाग थेट श्रीशैलला पोचतं. आज महाराष्ट्रात असलेल्या गावचा, कन्नड बोलणारा मुलगा तेलुगू मुलखातल्या देवाला बोलावत निघाला, अशी ही कथा. पंढरपूरही याच जिल्ह्यात. तिथली परंपरा देवाला बाप म्हणूनही साद घालते. सोलापूरची ही मूळकथा देवाला परत ये म्हणते. दोन भक्ती, दोन भाषा, आणि दोन्हींच्या गाभ्याशी असलेला भाव एका अक्षराच्या दोन अर्थांत मावतो.

आधुनिक काळात हे दोन अर्थ एका माणसाच्या डोक्यात शेजारी शेजारी राहिले. द. रा. बेंद्रे कन्नडचे थोर कवी. 'नाकु तंती' या संग्रहासाठी त्यांना १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं. घरची भाषा मराठी. १९४४ ते १९५६ या काळात ते सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात कन्नड शिकवत होते. धारवाडमधल्या आपल्या साधनकेरी या भागावर त्यांनी लिहिलेल्या प्रसिद्ध कवितेचं शीर्षकच 'बारो'नं सुरू होतं: 'बारो साधनकेरिगे', म्हणजे साधनकेरीला ये रे. 'बारो' कन्नड मित्राला जवळ बोलावतो. मराठी मुलाच्या कानावर लहानपणापासून पडलेलं 'बा रे' त्याला अगदी खेटून उभं आहे: तोच ठेका, तीच आर्जवाची लय, फक्त शेवटचा स्वर वेगळा. बेंद्र्यांनी हा विचार केला होता असं मी म्हणत नाही. ज्याच्या आईची भाषा एक आणि कवितेची भाषा दुसरी, त्याच्या कानात असे शब्द एकमेकांना ओळखत असणार, एवढंच.

ओळखीची सर्वांत खुशीची जागा गणपतीत आहे. बोली कन्नडमध्ये 'बा' आणि 'अप्पा' जोडून 'बाप्पा' होतं. अर्थ, 'ये रे बाबा'. तेव्हा 'गणपती बाप्पा' ही आरोळी कन्नड कानाला निमंत्रण म्हणून ऐकू येऊ शकते. आणि मराठी माणूस विसर्जनाच्या दिवशी बाप्पाला नेमकं काय सांगतो? पुढच्या वर्षी लवकर यायला. पहिल्या ओळीत कन्नड श्रोत्याला जे ऐकू आलं ते मराठी भक्त दुसऱ्या ओळीत उलगडून सांगतो. हा निव्वळ योगायोग आहे, आणि योगायोग म्हणूनच तो मला आवडतो. सोलापुरात तर शुक्रवार पेठेतल्या मानाच्या गणपतीचं नावच 'आजोबा गणपती'. त्याच्या सार्वजनिक उत्सवाची परंपरा १८८५ पासूनची सांगतात. लोकांनी देवाला आजा केलं आणि त्याच्यामागे 'बा' लावला.

गुजरातीत शिरलं की 'बा'चं लिंग बदलतं. तिथे बा म्हणजे आई, कुठे आजी. सोलापूरला गुजराती परकी नाही. १८७० च्या दशकात इथे कापडगिरणी काढणारे मोरारजी गोकुळदास हे मुंबईचे भाटिया व्यापारी. पण मराठी माणसाला हा 'बा' माहीत आहे तो कस्तुरबांमुळे. 'बा आणि बापू' ही जोडी आपण सहज म्हणतो. मराठी व्याकरण लावलं तर त्या जोडीत दोन्हीकडे बापच येतो. कस्तुरबांचा अंत २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये झाला. ज्या भाषेत 'बा' म्हणजे बाप, त्या भाषेच्या शहरात देशाची ही 'बा' गेली, आणि कुणालाही त्या नावाचा उलगडा करून सांगावा लागला नाही. प्रत्यय म्हणूनही हा शब्द गुजरातीत स्त्रियांच्या नावांना लागतो. तुकोबा पुरुष, कस्तुरबा स्त्री, रचना सारखीच. 'जोतिबा' हे नाव सौराष्ट्रातल्या एखाद्या गावात कुणी सांगितलं तर तिथले लोक बाईची वाट पाहतील.

आईबापांच्या नावात असा गोंधळ का, याचं एक चांगलं उत्तर रोमान याकॉबसन या भाषाशास्त्रज्ञानं १९६० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात दिलं. जॉर्ज मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञानं जगभरच्या भाषांतून आईबापांसाठीचे हजारावर शब्द जमवले होते. त्यांत प, ब, म, त, न अशा ध्वनींची गर्दी होती. तान्ह्या पोराला हे आवाज आधी जमतात, आणि कौतुकानं वाकलेले आईबाप त्यांत आपापलं नाव ऐकतात. जॉर्जियन भाषेत तर 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई. 'मामा' ऐकून मराठी माणूस तिसऱ्याच नातेवाइकाकडे वळेल. पोरानं ओठ मिटून उघडले. अर्थ घरच्यांनी घातला.

हे उत्तर सगळीकडे पुरत नाही. उर्दूत फारसीवरून आलेला 'बा' नात्यागोत्याचा नाहीच. तो 'सह' सांगतो: बाइज्जत, बाकायदा, आणि ऐतिहासिक नाटकांतल्या चोपदाराच्या ललकारीतलं 'बाअदब'. त्याच्या समोर उभा राहतो 'बे', म्हणजे 'विना': बेइज्जत, बेकायदा. एका स्वरानं असणं आणि नसणं ठरतं. आणि सोलापूरच्या कट्ट्यावर 'काय बे' म्हणजे निखळ दोस्ती! फारसीत जो 'बे' गोष्ट हिरावून घेतो तो इथे खांद्यावर हात टाकतो. शाळेत पाढे म्हणणाऱ्या पोराच्या तोंडी तोच 'बे' दोन असतो. मूळ तिघांचं वेगळं, पण एकाच पोराला सकाळी पाढा, दुपारी मित्र आणि संध्याकाळी बातम्यांत 'बेकायदा बांधकाम' ऐकताना काहीही अडत नाही.

भोजपुरीचा 'बा' सर्वांत साधा. उत्तर प्रदेश-बिहारकडून बांधकामावर आलेले मजूर फोनवर घरी बोलताना विचारतात, 'का हाल बा?' हा 'बा' म्हणजे 'आहे'; संस्कृतातल्या 'वर्तते'पासून झिजत आलेला. ना हाक, ना नातं, ना निमंत्रण. पण घरापासून लांब असलेल्या माणसाच्या वाक्याचा सगळा भार त्यावर असतो. घरचे ठीक आहेत की नाहीत, एवढंच त्याला ऐकायचं असतं.

बाप, ये, आई, सह, आहे. हे पाच अर्थ ओळीनं मांडले की कुणीतरी म्हणेल, बघा, शेवटी सगळ्या भाषा एकच सांगतात. मला ते पटत नाही. त्या एक सांगत नाहीत, आणि सोलापूरची शान तेवढ्यासाठीच आहे. वेगवेगळ्या मुळांचे हे शब्द इथे शतकानुशतकं एकमेकांवर आदळत आले, तरी कुणी कुणाचा अर्थ बळकावला नाही. ऐकणारा माणूस बोलणाऱ्याचा चेहरा, आधीचं वाक्य आणि सूर पाहून क्षणात ठरवतो की हा 'बा' कुणाचा. हे कौशल्य कुठल्या अभ्यासक्रमात नाही. ते बाजारात, मागावर, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत येतं. आवाज सारखा दिसला की मूळ एक ठरवणारे हौशी व्युत्पत्तिकार, आणि आवाज वेगळा दिसला की माणूस परका ठरवणारे भाषाभिमानी, दोघांनाही हे कौशल्य नसतं.

आपल्या मराठी मुलांना आपण तीन भाषा शिकवतो, त्यांत शेजारच्या दारातली भाषा बहुधा नसते. सोलापुरात राहून कन्नड किंवा तेलुगू मुळीच न कळणारी पिढी तयार होत असेल तर ते नुकसान मराठीचंही आहे, कारण बीरप्पा कोण हे माहीत नसलेल्याला बिरोबा अर्धाच कळतो. पुढच्या वेळी कुणी 'बा' म्हणाला आणि तो बाप नाही असं जाणवलं, तर थांबून त्याचा अर्थ विचारा. सोलापुरात सांगणारा माणूस नक्की भेटेल.